दोन घरांची आत्या

१९७१ च्या उन्हाळ्यात धरमपेठेतल्या आमच्या घरात मधोमध भिंत बांधली गेली. वडील आणि काका वेगळे झाले. मोठं भांडण झालं नव्हतं. माणसं वाढली होती आणि एका चुलीवर दोन जावांचं जमत नव्हतं. भिंत मागच्या पडवीपाशी थांबली, कारण तिथे आत्याची खाट होती.

आत्या दोघा भावांहून मोठी. लग्नानंतर लवकरच विधवा होऊन ती माहेरी परतली. रोजचे तांदूळ तीच मापून द्यायची. वाटणीत भांडी, गाद्या, नळाची पाळी, सगळं ठरलं. तिचा विषय निघाला तेव्हा काका म्हणाले, "बाईले काय वाटून घ्याचं? दोन्ही घरं तिचीच. वाटलं तिथं जेवंल." वडिलांना ते पटलं. आपण तिचा मान राखला, असं दोघांनाही वाटलं.

आता आई आणि काकू आपापले तांदूळ मापू लागल्या. आईने जेवायला बोलावलं की आत्या सांगायची, तिकडे झालं. काकूलाही तेच सांगायची. पलीकडे तिची पावलं वाजली की ती काकूकडे पानावर बसली, असं आई समजायची. काकूचाही तसाच समज होता. आत्या गेल्यावरही आई कित्येक वर्षं जेवणाच्या वेळी हात थांबवून पडवीकडे बघत "आल्या का?" असं विचारायची. आईचं विचारणं मी ऐकलं आहे. आत्याची पावलं ऐकलेली नाहीत, माझा जन्म त्यानंतरचा.

त्याच पावसाळ्यात आत्या न्हाणीत पडली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काल काय खाल्लं होतं. आईने काकूकडे पाहिलं.

"तुमच्याकडंच जेवल्या ना?" काकू म्हणाली.

"मले त म्हणे, तिकडे झालं."

वडील खाटेवर वाकले. "काहून केलं असं, बाई?"

"तुमचे तांदूळ वेगळे झाले, गा," आत्या म्हणाली. "मी कोनाच्या मापात होती?"

आठवड्याच्या आत ती गेली. कागदावर न्यूमोनिया आणि अशक्तपणा लिहिला होता. तिला घरी आणलं तेव्हा कोणाच्या बैठकीत ठेवायचं, हे ठरेना. वडील काकांच्या तोंडाकडे बघत राहिले, काका वडिलांच्या. शेवटी शेजाऱ्यांनी फाटकाच्या आत, दोन दारांच्या मध्ये सतरंजी अंथरली. तिथूनच तिला नेलं.