आपोआप पाणी पिणारी वांगी

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या नरहर देशकरांनी पाटबंधारे खात्यात उभा जन्म पाण्याला वाट दाखवण्यात घालवला, आणि घरच्या गच्चीवर मात्र त्यांचं कुणी ऐकेना. कुणी म्हणजे गोदूताई, त्यांची बायको.

लेक गंधाली पुण्याला. तिची मुलगी ओवी चालायला लागली, बोलायला लागली, फोनवर आजोबांना गाणी म्हणून दाखवायला लागली. पण बारशानंतर गोदूताईंनी पुण्याची पायरी चढलेली नाही. विषय निघाला की त्या गच्चीकडे बोट दाखवत. "मी गेली तं झाडाले पाणी कोण घालन?" बहाणा खोटा असता तर नरहरांनी तो चुटकीसरशी उडवून लावला असता. पण रायपूरच्या उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकलं तर वांगं मान टाकतं, हे त्यांनाही दिसत होतं. चिडायलाही जागा नाही म्हणून ते जास्तच चिडत.

मग त्यांनी कंबर कसली. गच्चीवर हिरव्या जाळीचं आणि प्लास्टिकच्या कागदाचं एक घर बांधलं. आत दुहेरी तळाचे टब मांडले: खाली पाणी, वर माती, आणि मधे सुती कापडाची जाड वात. मातीला हवं तेवढं पाणी ती वातीनं वर ओढून घेणार. खालचं पाणी कमी झालं की वरच्या टाकीतून नळीनं येणार आणि कूलरमध्ये असतो तसा तरंगता बॉल ते वेळेवर थांबवणार. जास्तीचं पाणी बाहेर जायला त्यांनी भोक ठेवलं नाही. बॉल असताना जास्तीचं येईल कुठून? महिनाभर पुण्याला राहून या, टोमॅटो लाल होऊन वाट बघत असतील, असा सगळा हिशेब.

टोमॅटो लाल व्हायच्या आधी पानं पिवळी झाली. नरहरांनी वाती बदलल्या, माती बदलली, बॉल काढून पुन्हा बसवले, रोपं देणाऱ्या नर्सरीवाल्याशी भांडून आले. काही उपयोग नाही. मग एका सकाळी ते चहाआधीच वर गेले, तर गोदूताई अंघोळ करून, ओल्या केसांना पंचा गुंडाळून, तांब्या घेऊन टबामागून टब फिरत होत्या.

"गोदू, त्याले वरून पाणी नाही घालायचं. किती वेळा सांगू तुले?"

"अंघोळ झाली अन् झाडाले पाणी नाही घातलं, असं कधी झालं नाही," गोदूताई म्हणाल्या, आणि मिरचीला उरलेलं ओतून खाली गेल्या.

नरहरांनी जाळीच्या दाराला कुलूप लावलं. गोदूताईंनी जाळीच्या फटीतून पाण्याचा मग आत घातला. नरहरांनी फट शिवली, तर गोदूताईंनी दुसरी शोधली. जन्मभर कालवे फोडणारे शेतकरी पाहिलेल्या माणसावर स्वतःच्या घरात ही वेळ यावी, याचा त्यांना भयंकर संताप येई. एवढ्या खटपटीनं जे केलं ते कुणासाठी? हिच्याचसाठी ना?

मेअखेरचा नऊ दिवसांचा नौतपा लागला आणि वांगीही गेली. नरहरांनी एक रोप उपटलं, जिना उतरले आणि ते काळं, कुजकट वास मारणारं मूळ गोदूताईंच्या भाजीच्या ताटाशेजारी ठेवलं. "पाहून घे. पाणी पाजून पाजून मारलं तू."

गोदूताई भेंडी चिरत होत्या. त्यांनी विळी आडवी केली.

"मेलं तं मेलं. बारशाच्या वेळी दोन महिने होती मी तिथं. कपडे मशीन धुते. पोळ्या बाई करते. पोट्टीले पाहाले दुसरी बाई. मी उठली की गंधाली म्हणे, आई, तू बस, आराम कर. हात बांधून सोफ्यावर बसली होती मी, पाहुण्यासारखी. तिथं माझ्यावाचून काही अडत नाही. इथं या झाडायचं अडत होतं, तं तुम्ही तेही मिटवून राहिले."

आपण इतके दिवस ज्याला अडचण समजून सोडवत बसलो, तेच तिचं घर धरून बसण्याचं कारण होतं, हे कळल्यावरही नरहरांचा राग गेला नाही. फक्त तो कुणावर काढायचा ते कळेना. ते परत गच्चीवर जाऊन मेल्या रोपांच्या टबांपुढे उभे राहिले.

तेवढ्यात गंधालीचा फोन आला. "बाबा, काढलीत का तिकिटं?"

"तुझ्या पोळ्यावाल्या बाईले महिनाभर सुट्टी दे."

"का हो? आईला आराम मिळावा म्हणून तर..."

"तिले आराम नको. तिले सांग, आई, माझ्यानं एकटीनं होत नाही, तू ये."

गंधाली म्हणाली, "पण बाबा, माझं सगळं नीट चाललंय."

"मग खोटं बोल," नरहर म्हणाले, आणि जिना उतरून त्यांनी फोन गोदूताईंच्या हातात दिला.