वाढवून काढलेला दाखला

अर्थसंकल्पाच्या दिवशी आम्ही बेरोजगार भत्त्यावरची पोरं एकाच मोबाइलवर डोकी घालून बसलो होतो. भत्त्याला मुदतवाढ मिळाली आणि मी खुशीनं सगळ्यांना भजी आणली. त्याच भाषणात मोफत ऑपरेशनसाठी उत्पन्नाची अट कडक झाली होती. ते आमच्यापैकी कुणी ऐकलंही नाही.

भत्त्याच्या बदल्यात मला सोलापुरातल्या एका दवाखान्यात टेबल मिळालं होतं. उत्पन्नाचा दाखला बघायचा आणि ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शिक्का मारायचा. पदवी घेऊन तीन वर्षं घरी बसलेल्या माणसाच्या हाती शिक्का आला की तो जरा जोरातच मारतो. मीही मारायचो. आणि कामाच्या जागी ओळख दाखवायची नाही, असं घरी बजावूनही ठेवलं होतं.

त्याच्या आदल्या वर्षी माझ्या लग्नाचं चाललं होतं. मोहोळच्या एका स्थळाला आमच्या ऐपतीचा पुरावा हवा होता, म्हणून मी अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, नावानं दाखला काढला. अप्पा दुसऱ्याच्या मागावर टॉवेल विणायचे. कागदावर मी त्यांना दोन मागांचे मालक केलं. अर्ज भरून देणारा म्हणाला, “लोक आकडा कमी करा म्हनत्यात, तुमी वाढवा म्हनताय व्हय?” मी नुसता हसलो. स्थळ फिसकटलं. दाखल्याची मुदत मात्र तीन वर्षांची होती, आणि अप्पांनी तो ट्रंकेत जपून ठेवला. त्यांना वाचता येत नाही.

मग त्यांचा खुबा गेला. बदलावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. एका सकाळी मी मान वर केली, तर रांगेत काठी टेकून अप्पा उभे. मला न विचारताच आले होते. त्यांनी तो दाखला पिशवीतून काढून टेबलावर ठेवला.

“साहेब, बघा की. पोरानं काढून दिलाय. लई चांगला हाय.”

नवा दाखला काढता आला असता. पण पहिला खोटा होता आणि तो मी काढला होता, हे लिहून द्यावं लागलं असतं. भत्ता गेला असता. शेजारच्या टेबलावरची मुलगी माझ्याकडे बघत होती. मी ‘अपात्र’चा शिक्का उचलला आणि मारला.

मागच्या बाईनं अप्पांना विचारलं, “काय झालं ओ?”

“नियमात बसत न्हाय,” अप्पा म्हणाले. “पर साहेबांनी नीट बघितलं.”

आणि मी म्हणालो, “चला, पुढचे.”

शिक्क्यापेक्षा त्या दोन शब्दांची मला जास्त लाज वाटते. भत्ता काही महिन्यांनी संपायचा तो संपलाच. अप्पा आता भिंत धरून चालतात. आपल्या पोरानं कागद चांगलाच काढला होता, सरकारचाच नियम वाकडा, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मी तिथंच बसलेला असतो.