दुसरी सही

प्रज्ञेश मला पहिल्यांदा दिसला तो शनिवार पेठेतल्या वाचनालयात, पेपरच्या टेबलापाशी. उभ्या उभ्या मोबाइलने पानांचे फोटो काढत होता. पान उलटायचं, फोटो, पुढचं पान. चार माणसं मागे ताटकळली होती.

"वाचता येतं का?" मी विचारलं.

"येतं की, काका. सगळे पेपर एकदम वाचतोय."

"असं? जेवता पण चार घरी एकदम?"

त्याने मोबाइल खिशात टाकला, पेपर माझ्या हातात दिला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. तासाभराने मी निघालो तर तिथेच होता. म्हणाला, "तुम्ही वाचायच्या आधी शाई बोटाने घासून बघितलीत. प्रेसमध्ये होता का?"

होतो. एका दैनिकाच्या मशिनवर एकतीस वर्षं. प्लेट चढवणं, रीळ बदलणं, रंग जुळेपर्यंतच्या प्रती बाद करणं. नीट बघणारा माणूस मला आवडतो, म्हणून मी त्याच्याशेजारी बसलो.

तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी. रविवारी सुट्टी, आणि सुट्टीत हे काम. कामाचं नाव त्याने पडताळा ठेवलं होतं. इंटरनेटवरचा एक प्रोग्रॅम. त्यात बातमी घालायची आणि तपासायची. कुणी सांगितलं ते लिहिलंय का, ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू छापलीय का, आकडे जुळतात का, चूक झाली तर दुरुस्ती छापली का, छापली तर किती मोठी. त्यावरून प्रत्येक पेपरला, प्रत्येक गावाला, प्रत्येक बातमीदाराला रंग. हिरवा, पिवळा, लाल. कुणीही बघावं. नुसतं बघावं असं नाही, प्रोग्रॅमची सगळी आतली रचना आणि माहिती उघडी. कुणीही न्यावी, बदलावी, स्वतःची चालवावी.

"कुणीही?" मी विचारलं.

"कुणीही. तोच तर पॉइंट आहे, काका. आपण पेपरवर लक्ष ठेवणार, मग आपल्यावर कोण ठेवणार? सगळं ओपन."

मला पटलं. जे काम उघड्यावर होतं ते माणूस जपून करतो, असं मला तेव्हा वाटायचं.

हे त्याने का काढलं ते येरवड्याला त्याच्या घरी गेल्यावर कळलं. त्याची आई हिराबाई एका दवाखान्यात परिचारिका होत्या. पंधरा वर्षांपूर्वी तिथली औषधं गायब झाली. एका पेपरने पहिल्या पानावर हिराबाईंचं नाव छापलं. त्या आठवड्यात त्या रजेवर होत्या, लातूरला बहिणीकडे. चौकशीत सुटल्या. पेपरने दुरुस्ती छापली, सातव्या पानावर, हरवले-सापडलेच्या खाली, दोन ओळी. दोन्ही कात्रणं त्यांनी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली आहेत. एक तळहाताएवढं, दुसरं बसच्या तिकिटाएवढं.

"जयभीम, भाऊ," म्हणून त्यांनी मला बसवलं. "हा म्हणतो, आई, मी मशीन बनवतोय. म्हटलं बनव. पण तुझं मशीन दार वाजवील का? मला तेव्हा कुणी दार वाजवून विचारलं असतं, तरी पुरलं असतं."

"आई, हजार बातम्या येतात रोज. हजार दारं कोण वाजवणार?"

हिराबाईंनी चहा गाळला.

प्रज्ञेश कष्टाला कमी नव्हता. कंपनीतून आल्यावर दोन तास, रविवारी दहा. जेवण म्हणजे मंडईतून आणलेले पेरू, मीठ लावून. कुठल्या पक्षाची मदत घेतली नाही, कुठल्या पेपरशी दोस्ती नाही. एकदा एकाने प्रोग्रॅममध्ये 'खोटी बातमी' असा शेरा घातला, तर याने शब्दच काढून टाकला. म्हणाला, "खोटं म्हणजे हेतू आला. हेतू आपल्याला दिसत नाही, चूक दिसते." असा माणूस होता. आहे.

त्याचा एक नियम होता. दोन सह्यांशिवाय कुठलीही चूक प्रसिद्ध करायची नाही. पहिली सही ज्याला चूक सापडली त्याची. दुसरी सही दुसऱ्या गावच्या माणसाची, आणि तीही छापील अंक हातात घेऊन. फोटोवर नाही. पुण्यातली दुसरी सही त्याने मला दिली.

"काका, कागदावर बघूनच हं."

"कागद तू मला शिकवणार?" मी म्हटलं.

दर रविवारी नऊ ते एक मी वाचनालयात बसायचो. चाळीस बातम्या. चाळीस हा आकडा माझा मी ठरवलेला, कुणी सांगितला नव्हता. मशिनवर असताना तासाच्या प्रती मोजायची सवय, ती गेली नाही. दोन वर्षं एक रविवार चुकवला नाही.

गेल्या वर्षी उसाच्या हंगामात पुण्याजवळच्या मांजरी गावची एक बातमी आली. उसाची ट्रॉली उलटून शालू नावाची बाई ठार. खाली वार्ताहराचं नाव, रंगराव. दौंडच्या एका शिक्षिकेने पहिली सही केली होती. तिने पानाचा फोटो जोडला होता, आणि दुसऱ्या पेपरातली दुसऱ्या दिवशीची बातमी, की बाई रुग्णालयात आहे. शेरा होता, जिवंत व्यक्ती मृत छापली, दुरुस्ती नाही. पडताळ्यातला हा सगळ्यांत जड शेरा. एकच लागला तरी वार्ताहर लाल.

ती माझी एकोणचाळिसावी बातमी होती. पाऊण वाजला होता. अंकांची चळत माझ्यापासून दहा पावलांवर. फोटो स्वच्छ होता, शब्द वाचता येत होते. मी बसल्या जागी सही केली. मग चाळिसावी केली आणि जेवायला घरी गेलो.

आता जे सांगतो ते मी प्रज्ञेशला पहिल्याच रविवारी सांगायला हवं होतं. पेपर एक नसतो. लांबच्या गावांना जाणारा अंक आधी छापतात, त्याला डाक आवृत्ती म्हणतात. शहराचा त्यानंतर. मधल्या वेळात बातमी बदलली की पान नव्याने लावतात, नवी प्लेट येते आणि मशिनवरचा माणूस ती चढवतो. आमच्याकडच्या पेपरांत तारखेशेजारी बारीक टिंब असतं. डाकेला एक, शहराला दोन. एकतीस वर्षं मी हीच प्लेट बदलत होतो. प्रज्ञेशच्या प्रोग्रॅममध्ये एका तारखेचा एकच पेपर होता. त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि एवढं सगळ्यांना ठाऊक असतं असं मी धरून चाललो.

महिन्याने फोन आला. आम्ही वाचनालयाच्या पायरीवर होतो. प्रज्ञेशने आवाज मोठा केला.

"पडताळावाले का? मी रंगराव, मांजरीहून. तुम्ही आमच्या शालूला मारलंय. ती इथं माझ्यासमोर बसून मेथी निवडतीय. बोलायचंय का तिच्याशी?"

"सर, पेपरमध्ये तसं छापून..."

"कुठल्या पेपरात? अंक माझ्यापुढं हाय. वाचू का? उसाची ट्रॉली उलटून महिला गंभीर जखमी."

मी मध्येच विचारलं, "तारखेशेजारी टिंबं किती आहेत?"

थोडा वेळ कागद वाजला. "दोन. का हो?"

मी आत गेलो. महिनाभरापूर्वीचा अंक चळतीतून काढला. दोन टिंबं. गंभीर जखमी.

रंगरावांना पेपरच्या कार्यालयातून आदल्या दिवशी फोन आला होता. तुम्ही लाल आहात, आता बातम्या पाठवू नका. बावीस वर्षं ते पाठवत होते.

प्रज्ञेशने तिथेच लॅपटॉप उघडून शेरा काढला. दहा मिनिटं लागली.

"झालं?" मी विचारलं.

"इथलं झालं."

उघडी माहिती सात जणांनी उतरवून नेली होती. त्यातल्या एकाने तिच्यावरून 'जिल्ह्यातले सर्वांत बेजबाबदार बातमीदार' अशी यादी केली आणि ती फोनांवर फिरली. रंगराव तिसरे. कार्यालयाने त्यांच्यापुढे ठेवली ती हीच यादी. प्रज्ञेशने सातही जणांना पत्रं लिहिली.

संध्याकाळी हिराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मांजरीला कधी जाताय?"

"आई, फोनवर माफी मागितली. लेखी पण पाठवलंय."

"मला पण त्यांनी दोन ओळी लेखीच दिल्या होत्या."

पुढच्या रविवारी आम्ही बसने मांजरीला गेलो. रंगरावांचं झेरॉक्सचं दुकान आहे. साठीचे गृहस्थ, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यांच्या पत्नी मथुराबाईंनी पाणी दिलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. रंगरावांनी स्टूल पुढे केलं.

त्या दिवशीचं त्यांनी सांगितलं. चौकीत कळलं, बाई गेली. त्यांनी बातमी पाठवली. पण मन घेईना, म्हणून मोटारसायकल काढून हडपसरला रुग्णालयात गेले, वॉर्डात जाऊन शालूला डोळ्यांनी बघितलं, मग कार्यालयाला फोन करून शब्द बदलायला लावला. डाकेच्या वाचकांसाठी दुरुस्ती छापा, असंही कळवलं. ती कार्यालयाने छापली नाही.

"मी सोळा किलोमीटर जाऊन आलो," ते म्हणाले. "तुम्ही कुठवर गेला होता?"

मी खरं ते सांगितलं. अंक दहा पावलांवर होता, उठलो नाही.

"दहा पावलं," रंगराव म्हणाले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

प्रज्ञेशने त्याचा ठरलेला नियम सांगितला. चूक जेवढे दिवस होती तेवढेच दिवस दुरुस्ती, पडताळ्याच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत, रंगरावांच्या नावासह. कार्यालयात जाऊनही बोलतो म्हणाला.

मथुराबाई आतून बाहेर आल्या. "नाव कशापायी? ज्यांनी वाचलं न्हाई, तेबी वाचत्याल. म्हणत्याल, काय तरी केलं आसंल याने."

"तुमची नावं घाला," रंगराव म्हणाले. "माझं राहू द्या."

परतीच्या बसमध्ये प्रज्ञेशने तिकिटं काढली. मग म्हणाला, "काका, फॉर्ममध्ये चौदा रकाने आहेत. बातमीदाराला विचारलं का, हा रकानाच नाही. आईला कुणी विचारलं नाही म्हणून हे बनवलं. आणि विचारायची जागा मीच ठेवली नाही."

"रकाना नसला तरी मला सुचायला हवं होतं," मी म्हटलं.

तो नाही म्हणाला नाही.

कार्यालयात तो दोनदा जाऊन आला. दुसऱ्या वेळी तिथल्या माणसाने हसून सांगितलं, "त्यांना कमी करायचंच होतं हो. लहान गावांचे वार्ताहर बंदच करतोय आम्ही. तुमच्या यंत्रामुळे सोपं झालं."

दुरुस्ती चौतीस दिवस राहिली. 'पडताळ्याने एका वार्ताहरावर चुकीचा शेरा ठेवला. दुसरी सही करणाऱ्याने छापील अंक बघितला नव्हता.' खाली माझं नाव आणि प्रज्ञेशचं. माझं नाव त्याने आधी घातलं नव्हतं. मी घालायला लावलं. ज्या पेपरांचे रंग पिवळे-लाल होते, त्यांनी ती दुरुस्ती आवडीने छापली. हिराबाईंच्या दुरुस्तीपेक्षा बरीच मोठी.

आता फॉर्ममध्ये सोळा रकाने आहेत. आवृत्ती कुठली, आणि बातमीदाराला विचारलं का. दोन्ही भरल्याशिवाय बातमी पुढे सरकत नाही. फोन करायचे, माणूस सापडायचा, तो चिडायचा, मग बोलायचा. माझ्या चाळीसच्या सहा झाल्या. मदतीला साठ जण होते, अकरा उरले. इतका वेळ कुणाला नाही. दौंडच्या शिक्षिका राहिल्या. त्यांची काही चूक नव्हती, त्यांच्या हातातल्या अंकाला एकच टिंब होतं. प्रज्ञेश पहिल्यासारखाच येतो, पेरू आणतो, पण नवीन काही बनवायचं बोलत नाही. सात जणांपैकी सहांनी शेरा काढला. सातव्याचं उत्तरच येत नाही. तिथे रंगराव अजून लाल आहेत आणि शालू मेलेली आहे. दर सोमवारी प्रज्ञेश त्या पत्त्यावर पत्र पाठवतो.

मी मांजरीला तीन-चारदा जाऊन आलो. रंगराव आता चहा देतात. मथुराबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा रंगरावांनी सांगितलं, तिथल्या नव्या इमारतींच्या कामावर परात वाहणारा एक मजूर वरून पडून गेला. पंचवीस-सव्वीस वर्षांचा. त्यांनी नाव, गाव सगळं वहीत लिहून ठेवलं होतं. पाठवायचं कुठे?

परत आल्यावर मी वाचनालयात त्या आठवड्याचे अंक बघितले. आधी दौंडहून मागवलेले डाकेचे, मग शहराचे. कुठेच ओळ नव्हती. मग पडताळा उघडून मांजरी काढलं. गेल्या आठ महिन्यांत बातम्या शून्य, म्हणून चुकाही शून्य. मांजरी हिरवी दिसत होती.

मी प्रज्ञेशला दाखवलं. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बघतो, काका," म्हणाला.