पाच पावलांवरून वाचता यावं म्हणून

बडे बाबू कुठलाही तक्ता हातात घेऊन वाचत नसत. मी छापून दिला की ते तो भिंतीला टाचणीने लावत, पाच पावलं मोजून मागे जात, चष्मा काढून खिशात ठेवत आणि डोळे बारीक करून वाचायला लागत. वाचता आला नाही तर दोष चष्म्याचा नव्हे, माझा. "डोळा अटकते ना पोरी," असं म्हणून ते कागद परत टेबलावर आपटत आणि माझा अर्धा दिवस पाण्यात जाई.

तहसिलीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ आमच्या संस्थेत फुकट काम करायला येत, आणि फुकट काम करणाऱ्या माणसाला कोणी काही बोलू शकत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पांढुर्णा-सौंसर भागातल्या गावांत सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी करायची आणि नोंद ठेवायची, हे आमचं काम. मी कॉम्प्युटरवर नावं भरायची आणि त्यांनी माझ्या मानगुटीवर बसायचं.

एकदा मी हौसेने प्रत्येक चौकटीला जाड काळ्या रेघा मारल्या. "हे काय जेल बनवून राहिली काय? सारी माणसं कोंडून टाकली!" रेघा गेल्या. मग हिमोग्लोबिनचे आकडे एकाखाली एक नीट उजवीकडे यायला हवेत, कितीही खाली गेलं तरी मथळ्याची ओळ वर दिसत राहायला हवी, दर पाच नावांनंतर जराशी मोकळी जागा हवी. गावाचं नाव एकदाच यावं म्हणून मी खालचे रकाने जोडून टाकले होते. दिसायला किती सुबक! पण तिगावची नावं वेगळी काढायला गेले तर सगळा तक्ता हटून बसला. जोडलेलं एकेक घर मला पुन्हा सुटं करावं लागलं आणि तेवढा वेळ बडे बाबू शेजारी बसून शेंगदाणे खात होते. त्यांचं बहुतेक वेळा बरोबर निघायचं, याचाच जास्त संताप यायचा.

रंगांचा हट्टही त्यांचाच. आजार असलेल्याची ओळ लाल, वाहकाची पिवळी, बाकी पांढऱ्या. वाहक म्हणजे स्वतः ठणठणीत माणूस. फक्त नवरा-बायको दोघंही वाहक निघाले तर मुलाला आजार होऊ शकतो. लग्नाआधी हे कळावं यासाठीच तर आमची सारी धडपड. मी म्हटलं, "बाबू, रकान्यात लिहिलंय ना, मग रंग कशाला?"

"लिहिलेलं वाचा लागते पोरी. रंग दिसते."

मीही चिडून, घ्या तुमचे रंग म्हणत, कोणत्या रंगाचा काय अर्थ ते तळाशी ठळक अक्षरांत टाकून दिलं.

तिगावच्या शिबिरात बडे बाबूंनी ती यादी शाळेच्या दाराला लावली. कोणाचे अहवाल आलेत हे लोकांना विचारत बसायला लागू नये, एवढाच हेतू. पाच पावलांवरून ती सुरेख वाचता येत होती. आईचं बीपी तपासून घ्यायला आलेल्या सावरगावच्या एका माणसालाही आली. गावातल्या शालूचं ज्या मुलाशी जमलं होतं, त्याचा तो मामा. शालूची ओळ पिवळी होती. चार दिवसांत सोयरीक मोडली.

मी आयुष्यात पहिल्यांदा बडे बाबूंवर ओरडले. "दिसते म्हणे रंग! दिसला ना आता?" तळातली ती ठळक अक्षरं माझी होती, हे सोयीस्कर विसरून ओरडले. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन सावरगावला मामाच्या घरी गेले.

"पोराची तपासणी करा. तो साफ निघाला तर लेकरांना आजार होतच नाही," त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं.

मामा म्हणाला, "तुमच्या पोरीचं असतं तर तुम्ही सांगितलं असतं काय?"

बडे बाबू म्हणाले, "नाही सांगितलं. मीच वाहक आहो. पोरीचं लग्न व्हाचं होतं, म्हणून माहं नाव यादीत टाकलंच नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सगळ्या तालुक्याला रंग देणाऱ्या माणसाने स्वतःची ओळच गाळली होती! मामाला तर आयतंच कोलीत मिळालं. सोयरीक काही जुळली नाही.

तिथून आम्ही शालूकडे गेलो. बडे बाबूंनी हात जोडले, तशी ती म्हणाली, "हात नका जोडू बाबू. दारावरची यादी काढली काय, ते सांगा."

काढली होती. त्यानंतर बाहेर जाणाऱ्या कागदावर फक्त क्रमांक राहिले. नावं आणि रंग कुलपात गेले. मात्र त्यांनी स्वतःचं नाव यादीत घालायला लावलं आणि एक कागद माझ्या नाकावर टिच्चून छापून घेतला. त्यावर एकच ओळ, त्यांच्या पूर्ण नावाची, पिवळी. तो त्यांनी कार्यालयाच्या दाराला लावला. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होता. कागद हलला नाही. तिगावनंतर आमच्याकडे फिरकेनासे झालेले लोक हळूहळू एकेक करून यायला लागले. दारातच थबकत, कागद वाचत, आणि आत येऊन म्हणत, "ते बडे बाबूवाली तपासणी कराची होती."

गेल्या वर्षी बडे बाबू गेले. गेलेल्या माणसाची ओळ त्याच आठवड्यात यादीतून काढून वेगळ्या पानावर न्यायची, हा नियम त्यांनीच केलेला, आणि त्यात एका दिवसाचाही उशीर त्यांना खपत नसे. त्यांची ओळ मी अजून हलवलेली नाही. माझ्याच्याने होत नाही. ओरडायचं असेल तर या, बडे बाबू, आणि ओरडा.