दीपगृहाच्या सिनेमाचा शेवट

आमच्या डायलिसिसच्या खोलीत आठ खुर्च्या आहेत. तीन नंबरची माझी, चार नंबरची कॅसेटवाल्यांची. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सातला आत, अकराला बाहेर. हातात दोन जाड सुया, आणि रक्त यंत्रातून धुऊन परत येईपर्यंत चार तास तो हात हलवायचा नाही. अशा ठिकाणी माणसाचं एक तर देवाशी जमतं, नाहीतर शेजाऱ्याशी. देवाशी माझं बोलणं आधीपासूनच बंद होतं.

पहिल्याच दिवशी ते समोरच्या टीव्हीकडे बघून पुटपुटले, “याला टोपी घालता येत नाही.” टीव्हीवर कुठलातरी नवा गुप्तहेर धावत होता. मी म्हटलं, “टोपी घालावी ती जुन्या सिनेमांतल्या खळीवाल्याने. बाकीच्यांनी नुसतं डोकं झाकलं.” परगावात आपल्या गल्लीतलं कुणी भेटावं तसं त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

तेव्हापासून आमची जुगलबंदी सुरू झाली. विषय एकच, जुने हॉलिवूडचे सिनेमे, तेही काळे-पांढरे. नटनट्यांची नावं घेण्यापेक्षा त्यांना नावं ठेवण्यात आम्हाला जास्त रस, त्यामुळे आमच्या यादीत खळीवाला होता, एकभुवई होता, सिगारेट ओठाला चिकटवून बोलणारा धुरकट होता आणि रडकी राणी होती. राणी एकाच डोळ्याने रडायची. कॅसेटवाल्यांचं म्हणणं, ते ढोंग. माझं म्हणणं, दिवा त्या बाजूला असायचा, मग दुसरा डोळा वाया कशाला घालवायचा? यावर आम्ही दोन आठवडे भांडलो. पाच नंबरचे वकील म्हणायचे, “तुम्हा दोघांना एकाच यंत्रावर लावा, म्हणजे मिटेल.”

मी टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं काढली. लोकांचे फोन जोडले आणि, खोटं कशाला बोलू, काही ऐकलेही. त्यामुळे सगळे मला टेलिफोनबाई म्हणतात. कॅसेटवाल्यांचं दुकान टायरवाल्याच्या आणि दाताच्या डॉक्टरच्या मध्ये होतं. एक खोली, दोन हजार व्हिडिओ कॅसेट. प्रत्येक डबीत त्यांच्या हातची चिठ्ठी असायची. ‘सर्दी झाली असेल तर बघू नये, रुमाल पुरणार नाही.’ ‘नवरा-बायकोने भांडण झाल्यावर लगेच बघू नये.’ कॅसेट मागे न फिरवता परत आणणाऱ्याची ते सगळ्यांदेखत हजेरी घ्यायचे. म्हणायचे, सिनेमा शेवटावर टाकून जाणारा माणूस घराचं दारही उघडंच टाकून जातो.

मग सीडीच्या चकत्या आल्या, मग मोबाइल आले, दुकान बंद झालं आणि दोन हजार कॅसेट घरी आल्या. पलंगाखाली, माळ्यावर, स्वयंपाकघरात डब्यांमागे. बायको म्हणायची, “मला घरात ठेवलंत हेच उपकार.” गेल्या वर्षी ती गेली. मुलगा आणि सूनबाई त्यांचं सगळं नीट करायचे. “चांगली आहेत हो, हीच पंचाईत,” ते मला म्हणाले होते. “वाईट असती तर त्यांना छळायला तरी जगलो असतो.”

त्यांच्या हातावरची, सुया लावायची शीर तीनदा बंद पडली, तीनदा ऑपरेशन झालं. तिसऱ्या ऑपरेशननंतर एका गुरुवारी वजनकाट्यावरून उतरता उतरता ते म्हणाले, “बाई, मी या महिनाअखेरीला बंद करणार.”

“काय बंद करणार?”

“हे.” त्यांनी यंत्राकडे हनुवटी केली. “डॉक्टरांशी बोललोय. यायचं थांबलं की आठ-दहा दिवस. तेवढ्यात पोटभर पाणी पिऊन घेईन. बर्फ घालून.”

आम्हाला दिवसाला पाऊण लिटर पाणी. चहा, औषधं, चूळ चुकून गिळली तर तीही, सगळं त्यातच. मी रात्री नळाचा आवाज ऐकत जागी असते. त्यामुळे ते काय म्हणत होते हे मला पुरतं कळलं, आणि कळलं म्हणूनच भीती वाटली. त्यांच्याआधी चार नंबरवर दोघंजण येऊन गेले होते. येऊन गेले म्हणजे गेलेच. तिसऱ्यांदा ती खुर्ची रिकामी बघायची माझ्यात ताकद नव्हती, आणि ती रिकामी झाली की पुढचा नंबर मीच मागून घेईन हेही मला माहीत होतं.

“एकच राहिलं,” सुया लागल्यावर ते म्हणाले. “दीपगृहाच्या सिनेमाचा शेवट.”

त्या सिनेमाची एकच कॅसेट त्यांच्याकडे होती. कुण्या गिऱ्हाइकाने तिच्या शेवटच्या दहा मिनिटांवर घरातल्या पोराचा वाढदिवस टेप करून परत आणून दिली होती. दीपगृहाचा रखवालदार वीस वर्षं एकटा असतो. बायको सोडून गेलेली. जगण्याला कंटाळून तो एका वादळी रात्री दिवा विझवून खाली येतो, तर लांब समुद्रात एक जहाज दिसतं. त्या जहाजावरून बायकोच परत येत असते, हे आपल्याला माहीत, त्याला नाही. तो जिना चढून वर जातो, काडेपेटी काढतो, आणि एकदम एक गुबगुबीत पोरगा मेणबत्त्यांवर फुंकर मारतो. “त्या कार्ट्याला मी माझ्या नातवापेक्षा जास्त ओळखतो,” कॅसेटवाले म्हणाले. धड प्रत त्यांना कधी मिळाली नाही. सुया लावणाऱ्या टेक्निशियन मुलीनेही चार दिवस मोबाइलवर शोधलं. नावापलीकडे काही नाही, प्रतच उरली नाही म्हणे.

“मी पाहिलाय,” मी म्हणाले. “थिएटरात. शेवटासकट.”

ते ताडकन उठायला गेले, नळी ओढली गेली आणि यंत्र किंचाळायला लागलं. मुलगी धावत आली.

“सांगा,” ते म्हणाले.

“शनिवारी.”

आता खरं सांगते. तो सिनेमा मी चौदाव्या वर्षी दादाबरोबर पाहिला होता आणि शेवट पाहिलाच नव्हता. शेवटची बस सातला होती. रखवालदार दिवा विझवून जिना उतरायला लागला, तेवढ्यात दादाने माझं बखोट धरून मला बाहेर ओढलं. म्हणजे कॅसेटवाल्यांनी माझ्यापेक्षा जास्तच पाहिला होता. पण खोटं बोल पण रेटून बोल, ही माझी खात्यातली शिकवण. मी रेटलं.

शनिवारी रखवालदाराने पहिली काडी ओढली, ती वाऱ्याने विझली. “पुढचं मंगळवारी.” मंगळवारी दुसरी काडी ओली निघाली. गुरुवारी त्याला बायकोचं जुनं पत्र आठवलं. ते मी अख्खं सांगितलं, आणि खात्यात ऐकलेले इतके फोन पहिल्यांदाच कामाला आले. महिनाअखेर आली आणि गेली. चार नंबरची खुर्ची भरलेली राहिली. दोन महिन्यांत त्या बिचाऱ्या रखवालदाराने सतरा काड्या वाया घालवल्या. “एवढ्या काड्यांत माझी चूल पेटली असती,” असं वकीलसाहेबही कुरकुरले, पण कान आमच्याकडेच लावून असायचे. मी घरी जागून पुढचं रचायची. काडेपेटी रिकामी होईल तेव्हा काय करायचं, हे मात्र सुचत नव्हतं.

मग त्या गुरुवारी कॅसेटवाल्यांचा रक्तदाब एकदम खाली गेला. पोटऱ्यांत गोळे आले. एवढा मोठा माणूस आई गं, आई गं करत राहिला. शांत झाल्यावर त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, “बाई, आज सांगून टाका. काडीकाडीने आता मला जमत नाही.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझाच धीर सुटला. सांगितलं. काड्या संपतात, दिवा लागत नाही. पण रखवालदाराचा कुत्रा कड्यावर जाऊन भुंकतो, भुंकत राहतो, कप्तानाला किनारा कळतो, जहाज वाचतं. बायको पहाटे उतरते आणि सगळ्यांत आधी कुत्र्याला जवळ घेते.

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे मान वळवली.

“कुत्रा काळा होता?”

“हो.”

“डाव्या कानावर पांढरा ठिपका?”

मी चादरीची कड चाचपायला लागले.

“तो कुत्रा बर्फातल्या डॉक्टरच्या सिनेमातला आहे, बाई. माझ्याकडे दोन प्रती होत्या.”

मग मी सगळं कबूल केलं. दादा, सातची बस, ओढलेलं बखोट. ते ऐकत होते की नाही कळेना. अकराला सुया निघाल्या, त्यांनी हातावर कापूस दाबून धरला, वजन केलं, एका हाताने बूट चढवले.

“गिऱ्हाइकाला मी कधी खोटं सांगितलं नाही,” ते म्हणाले. “प्रत्येकाला आधी बजावायचो, शेवटची दहा मिनिटं नाहीत म्हणून.”

“शनिवारी या.”

“आता कशाला?”

“काहीच नाहीये माझ्याकडे. तरी या. माझ्यासाठी या. मला एकटीला हे चार तास निभत नाहीत हो.” सगळ्या खोलीसमोर मी रडत होते, आणि चांगली दोन्ही डोळ्यांनी.

ते पिशवी उचलून गेले.

शनिवारी सात वाजले, सव्वासात झाले. चार नंबर रिकामी. मुलगी माझ्याकडे सुया घेऊन आली. “मावशी, हात द्या.”

“चार नंबर आल्यावर.”

“ते नाही येणार. सूनबाईंचा फोन आला होता.”

“मग मीही नाही लावून घेणार.” मी हात पदराखाली घेतला.

आधी मुलीने विनवलं, मग सिस्टर रागावल्या, मग डॉक्टर येऊन रक्तातल्या पोटॅशियमचे धोक्याचे आकडे सांगून गेले. वकील ओरडले, “अहो, तुमच्यापायी दुपारच्या लोकांचा खोळंबा होईल!” मी म्हटलं, “होऊ द्या.” हट्ट नव्हता तो. मला खरोखर हात पुढे करवत नव्हता. मनात एकच होतं, की आज हात पुढे केला तर त्यांना मी जाऊ दिलं असं होईल. शेवटी सिस्टरनी त्यांच्या घरी फोन लावला आणि माझ्यादेखत सांगितलं, “काका, तीन नंबर अडून बसल्यात. त्यांना काही झालं तर आम्ही काय करायचं?”

सव्वानऊला कॅसेटवाले आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली, मागून सूनबाई. त्या रडून आल्या होत्या. वजनकाट्याने साडेतीन किलो जास्त दाखवले. म्हणजे पाणी पिऊन झालं होतं. पोटभर.

ते माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “मरायचं तर आपापल्या हिमतीवर मरावं माणसाने! माझ्या नावावर कशाला?”

“आधी बसा,” मी म्हणाले.

ते बसले. मुलीने आधी त्यांना सुया लावल्या, मग मला. दोन्ही यंत्रं सुरू झाली. अर्धा तास वकिलांनीही पेपरातून डोकं वर काढलं नाही.

“बसमध्ये रडला होतात?” त्यांनी छताकडे बघत विचारलं.

“ढसाढसा.”

“मग भावाने काहीतरी सांगितलं असेल. रडणाऱ्या पोरीला गप्प करायला माणूस काहीतरी सांगतोच. काय सांगितलं?”

हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. “म्हणाला, उद्या सांगतो.”

“मग?”

“दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाला उद्या. असं वर्षभर. त्याने तरी कुठे पाहिला होता शेवट! पुढे आमचा तो खेळच झाला. त्याला हॉस्पिटलात ठेवलं होतं तेव्हा मी कानाशी जाऊन विचारलं, दादा, लावला का रे त्याने दिवा? बोलता येत नव्हतं धड. तरी म्हणाला, उद्या.”

“मग?”

“मग काय. पहाटे गेला.”

कॅसेटवाल्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. एवढं पाणी पिऊनही ओठ कोरडेच होते.

“हलकट होता तुमचा दादा,” ते म्हणाले.

“होताच.”

त्यांनी डोळे मिटले. झोप लागली असं वाटलं मला. मग तसेच, डोळे न उघडता ते म्हणाले, “मंगळवारी परत विचारीन मी. उत्तर तयार ठेवा.”