मशीनवाल्यांचं कोडं

आमच्या ह्यांना गाण्याचं भारी वेड, आणि मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी त्यात काडीचा फरक पडला नाही. छापखान्यात मोठ्या मशीनवर हे आयुष्यभर उभे राहिले आणि त्या धडधडाटाने कान गेले. आता कानात यंत्र आहे. समोर बसून सावकाश बोललं तर कळतं. गाणं लावलं तर मात्र कोणीतरी करपलेलं पातेलं खरवडतंय असं वाटतं म्हणतात. हे फक्त मला ठाऊक आहे.

तरी रोज संध्याकाळी चहाचा कप बाजूला सारून हे मोबाईल घेऊन बसतात. गाणंवेड्या लोकांचा ग्रुप आहे. एकाने राग, वाद्यं यांवर शब्दकोडं टाकायचं, बाकीच्यांनी चौकोन भरायचे. कोड्याला कान लागत नाहीत, डोकं लागतं, आणि ह्यांचं डोकं शाबूत आहे. पहिलं उत्तर बहुतेक ह्यांचंच. मग निवृत्त पोस्टमास्तर लिहिणार, "मशीनवाले, पेपर तुमच्याच छापखान्यात फुटला काय?" हे लिहिणार, "तुमच्या टपालात टाकला असता तर अजून पोचला नसता." दातांच्या डॉक्टरीणबाई हसरे चेहरे पाठवणार. हे मोठ्याने हसतात. दिवसभरात तेवढंच काय ते हसणं.

गेल्या आठवड्यात पोस्टमास्तरांच्या डोक्यात किडा वळवळला. आता नुसते शब्द नकोत; गाण्याचा तुकडा ऐकायचा, राग ओळखायचा आणि नाव चौकोनात भरायचं. "आता मशीनवाल्यांची चंगळ!" डॉक्टरीणबाईंनी लिहिलं. ह्यांनी "वा!" असं उत्तर दिलं आणि मोबाईल मांडीवर पालथा ठेवला.

मग मला हाक आली. "तू ऐक आणि सांग."

"बाई गातेय."

"अगं, कशी गातेय?"

"वर जाते. मग खाली येते."

"किती वर?"

"आता पट्टी लावून मोजू का?" मी वैतागले. वैतागले कसली, मला रडूच यायला लागलं होतं.

शेवटी ह्यांनीच शक्कल लढवली. आवाज चढला की मी हात वर न्यायचा, उतरला की खाली, थांबला की थांबवायचा. हे हाताकडे टक लावून बघत होते. पहिला राग बरोबर आला! मला आभाळ ठेंगणं झालं. दुसरा चुकला. तिसराही चुकला. चूक माझ्या हाताची होती.

"मशीनवाले, कान भाड्याने दिलेत की काय?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

मला राहवेना. मी मोबाईल ओढला. "अहो, मी खरं काय ते लिहिते. माणसं चांगली आहेत, समजून घेतील."

"म्हणूनच नको," हे म्हणाले. "सगळे जपून बोलायला लागतील. मग माझी चेष्टा कोण करणार?"

मी मोबाईल परत दिला. "हो, भाडं बरं येतंय," ह्यांनी लिहिलं. पलीकडे हशा झाला आणि नवा तुकडा आला.

मी हात उचलला. कोणी पुरुष अगदी संथ गात होता. चढतोय की उतरतोय, देवाशपथ कळेना. मी अंदाजाने हात फिरवत राहिले आणि तुकडा संपला. हे मात्र अजून माझ्या हाताकडे बघत होते, मान हळूहळू डोलत होती, चेहरा गाणं ऐकताना व्हायचा तसा झाला होता. मला हात खाली घेववेना. काहीच वाजत नव्हतं, तरी मी तो हलवत राहिले.