सीताफळाचा उतार

माझ्या पोटात काही राहत नाही, असं गावात म्हणतात. खोटं नाही ते. बचत गटाच्या बैठकीत मी सासूची कुरबूर सांगितली आहे, नवऱ्याचं घोरणं सांगितलं आहे, एकदा तर माझ्या हातून बिघडलेल्या पुरणाचा सगळा इतिहास सांगून बायकांना हसवलं आहे. पण एक गोष्ट राहिली. नऊ वर्षं ती मी कुणाच्या कानावर घातलेली नाही — घरच्यांच्याही नाही. तुम्ही अनोळखी आहात म्हणून सांगायला जमतंय का? असेल. किंवा गेल्या महिन्यात जे झालं त्यानंतर गप्प बसवत नाही, असंही असेल.

आधी आमचा डोंगर बघा. आमचं गाव डोंगरकडा नावाच्या मोठ्या गावाच्या अलीकडे, आणि गावामागे हे गायरान. बाहेरचा माणूस त्याला टेकडीच म्हणेल. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे नुसता मुरूम होता, उन्हाळ्यात बघितलं तरी डोळे दुखायचे. आज तिथे उभं राहिलं की मला बोलायला सुचत नाही — आणि मला न सुचणं म्हणजे काय, ते तुम्हाला आता कळलंच आहे. करंज, कडुनिंब, आपटा, बांबू. सकाळी मोर ओरडतात. पायथ्याच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं. पाऊस पडून गेल्यावर दोन-दोन दिवस ओघळ वाहतो, आणि ते पाणी गढूळ नसतं. यात काय विशेष, असं तुम्हाला वाटेल. ज्यांनी जन्मभर त्याच ओघळातून माती वाहून जाताना बघितली, त्यांना विचारा. मी अजून तिथे थांबते, पाण्यात हात घालून बघते. खरंच का हे? हे आम्ही केलं?

आम्ही म्हणताना माझी जीभ अडखळते.

सुरुवात नांदेडहून येणाऱ्या स्वयंसेवकांनी केली. कॉलेजची मुलंमुली, दोन-तीन नोकरदार, आणि सगळ्यांच्या पुढे अंजलीताई. आठवडाभर ऑफिस सांभाळून रविवारी आमच्या डोंगरावर कुदळ मारणारी बाई. त्यांच्या हातांना फोड यायचे आणि आमच्या बायका पदराआड हसायच्या. चार रविवार येतील आणि फोटो काढून जातील, अशी आमची खात्री होती. पण ते येतच राहिले. खड्डे खणले, शाळेतल्या मुलांना शिकवलं, आमच्या गटाची कागदपत्रं करून दिली. पावसाळ्यात रोपं लागली. मग असं ठरलं की लावायचं त्यांनी आणि जगवायचं गावाने. डोंगराचे भाग पाडले. बाळापूरच्या बाजूचा उतार आमच्या गटाला मिळाला — शंभरेक रोपं, सगळी सीताफळाची. बाकीच्या बायकांनी पायथ्याची टाकी भरायचं बघायचं, आणि कॅन घेऊन वर चढायचं, पाणी घालायचं काम माझ्याकडे. ते मी स्वतः मागून घेतलं. कुणी गळ घातली नव्हती. अंजलीताईंनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, ते मला फार आवडलं.

फेब्रुवारीत आमच्याकडे हळद निघते. काढणी, शिजवणं, वाळवणं — मान वर करायला फुरसत नसते. मी तुम्हाला हळदीचं कारण सांगू शकले असते, तुम्ही मानलंही असतं. पण आमची हळद त्या वर्षी लवकर आटोपली होती. मला कंटाळा आला होता, दुसरं काही नाही. चढायचं, वाकायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं — आणि बघायला कुणी नाही. शाबासकी रविवारी मिळायची, पाणी मंगळवारी आणि शुक्रवारी घालायचं होतं. त्यात परीक्षांमुळे स्वयंसेवक महिनाभर येणार नव्हते. मी एक खेप चुकवली, मग दुसरी, मग जाणंच सोडलं. वहीत मात्र सही करत राहिले. आणि टाकी भरलेली राहिली तर बायकांना संशय येईल, म्हणून शेताकडे जाता जाता तोटी सोडून द्यायचे. उन्हाळ्याच्या तोंडावर, मराठवाड्यात, मी पिण्याजोगं पाणी मुरमात सोडून दिलं. पण मूळ गोष्ट ही नाही. ती अजून पुढे आहे.

अंजलीताईंचा निरोप आला — उद्या येतोय. त्या सकाळी मी एकटीच वर गेले. शंभर काड्या उभ्या होत्या. नखाने साल खरवडली तर आत तपकिरी. मी एका दगडावर बसले आणि मला रडू आलं, ते रोपांसाठी नव्हतं. उद्या मी कोणत्या तोंडाने उभी राहू, यासाठी होतं. मग मी उठले. एकेका काडीचा शेंडा मोडला. काही तिरप्या मोडल्या, काही बुंध्याशी, म्हणजे एकसारखं दिसू नये. वाटेवर शेळ्यांच्या लेंड्या पडल्या होत्या, त्या ओंजळीत गोळा करून खड्ड्याखड्ड्यात टाकल्या. किती नीट केलं मी ते. पाण्यासाठी कधी एवढी मेहनत घेतली नव्हती.

त्या उतारावर शेळ्या एकाच माणसाच्या यायच्या. गयामावशींच्या. बौद्धवाड्याच्या टोकाला त्या एकट्या राहायच्या. जमीन नाही, मागे कुणी नाही, अकरा शेळ्या. दात पडलेले, तोंड तिखट, कनवटीला तंबाखूची डबी. रोपं लावायच्या दिवसांत त्याही आल्या होत्या, शहरातल्या मुलांना कुदळ धरता येईना म्हणून शिव्या देत देत खड्डे खणून दाखवले होते. तेव्हा मी त्यांना मावशी म्हणत नव्हते. आमच्या घरात त्यांना शेळीवाली म्हणायचे, मीही तेच म्हणायचे.

ग्रामसभा भरली. मी उभी राहून म्हणाले की शेळ्यांनी रोपं खाल्ली. कुणाचं नाव घेतलं नाही — घ्यायची गरज काय होती? अंजलीताईंचे डोळे भरून आले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एका म्हाताऱ्याने तेवढं विचारलं, "रोपं कोणती व्हती तिथं?" मी त्याच्याकडे वळून हळूच म्हणाले, सरमिसळ होती.

सीताफळाला शेळी तोंड लावत नाही. पानाच्या वासानेच मान फिरवते. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, म्हणून तर गावाने त्या उताराला सीताफळ सुचवलं होतं. अंजलीताईंना त्यामागचं कारण ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते वर चढून बघायला गेले नाहीत. आणि बौद्धवाड्यातल्या शेळ्या गायरानात नकोच, असं म्हणणारे काहीजण गावात होते, हेही मी जाणून होते. त्यांच्या माना माझ्या बोलण्यावर हलतील, हे मला बोलायच्या आधी माहीत होतं. गयामावशी मागे दाराशी बसल्या होत्या. रोपं कोणती ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, खड्डे त्यांच्याच हातचे होते. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि तंबाखू मळत राहिल्या. डोंगरावर चराईबंदीचा ठराव झाला.

अकरा शेळ्यांना रोज बांधून कुठला चारा घालायचा? पुढच्याच बाजाराला मी त्यांना बाळापुरात बघितलं. दोरीला नऊ शेळ्या. गिऱ्हाईक एकेकीचं तोंड उघडून दात बघत होतं आणि मावशी त्या-त्या शेळीचं नाव सांगत होत्या, जणू नाव कळल्यावर ते तिला नीट सांभाळणार होतं. मी कांद्याच्या ढिगाआड उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं नसावं. पाहिलं असेल तरी काय?

आता पुढचं ऐका. हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

आमचा उतार मेला असं धरून टाकी दुसऱ्या बाजूला हलवली होती. एप्रिलमध्ये मी सरपणाला गेले तेव्हा त्या उतारावर कुणीतरी हलताना दिसलं. गयामावशी होत्या. डोक्यावर हंडा. बौद्धवाड्याजवळच्या हापशावरून त्या पाणी आणत होत्या — तुम्ही ती चढण बघितलेली नाही, मी बघितली आहे, मी तिलाच कंटाळले होते. खड्ड्याशी बसायच्या, तांब्याने थोडं पाणी घालायच्या, वर पालापाचोळा पसरायच्या आणि पुढच्या खड्ड्याकडे सरकायच्या. मोडक्या काड्यांना. मला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं.

"मावशी," मी म्हणाले. पहिल्यांदाच म्हणाले. "मेलेल्या झाडांना काहून पाणी घालता?"

"वरून वाळलं म्हणजी मेलं न्हाई," त्या म्हणाल्या. बोटाने माती बाजूला केली. मुळाशी, मी मोडलेल्या काडीच्या खाली, तांदळाएवढा हिरवा कोंब होता.

मी तशीच खाली बसले. त्या कोंबाकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "शेळी सीताफळ खात न्हाई, पोरी. तुलाबी ठावं हाय, मलाबी. बोलले असते तर गावात कालवा झाला असता, अन् ही शहरातली लेकरं चंबूगबाळं आवरून गेली असती. डोंगर पुना उघडा. माझी माय हितून टेंभुर्णीची फळं आणायची, ओटी भरून. मी पाहिलाय ह्यो डोंगर भरलेला. तुझ्यासाठी गप ऱ्हायले न्हाई मी." मग पुढच्या खड्ड्याकडे सरकत म्हणाल्या, "शेळ्या चांगल्या व्हत्या माझ्या."

त्या दिवशी मी दोन हंडे वाहिले. दोनच. नंतर गेले नाही — त्यांच्यासमोर उभं राहणं चढणीपेक्षा जड होतं. त्या मात्र पावसाळ्यापर्यंत जात राहिल्या. एकट्या, रोज, ज्या डोंगरावर त्यांच्या शेळ्यांना बंदी होती तिथे. मी अजूनही याचा विचार करते आणि मला थांग लागत नाही. माणसात एवढं कुठून येतं? अपमान गिळून माणूस घरी बसतं, ते मला समजतं. अपमान गिळून डोक्यावर पाणी घेऊन चढणं — ते मी समोर पाहिलं म्हणून खरं म्हणते.

पावसाने अख्ख्या उताराला पालवी फुटली. शंभरातली नव्वद तरी रोपं उभी राहिली. अंजलीताई चकित झाल्या, विचारू लागल्या की हे कुणी केलं. पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून बायकांनी माझं नाव सांगितलं, आणि पुढच्या कार्यक्रमात ताईंनी मला व्यासपीठावर बोलावलं. मी गेले. शाल घेतली, नारळ घेतला. वाळलेला उतार जिवंत करणारी ताई, असं त्या म्हणाल्या, टाळ्या झाल्या. माइक माझ्या हातात होता. एक नाव घ्यायचं होतं. मी सगळ्या गटाचे आभार मानले.

म्हणजे आता तुम्हाला सगळं माहीत झालं. पण एवढंच असतं तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात स्वयंसेवकांची नवी तुकडी आली, बिया गोळा करायला. सीताफळाचे दिवस, झाडं लगडलेली. माझी मुलगी वैष्णवी त्यांना डोंगर दाखवत होती, मी मागून चालले होते. त्या उताराला गावात आता नाव पडलं आहे — शेळीखाल्ला. मुलं तेच म्हणतात. वैष्णवीने मोठ्या कौतुकाने सांगितलं की इथली सगळी झाडं गयाआजीच्या शेळ्यांनी खाल्ली होती आणि तिच्या आईने, म्हणजे मी, ती पुन्हा जगवली.

गयामावशी तिथेच होत्या. गुडघे गेलेत, पण काठी टेकत रोज वर येतात. झाडाखाली बसून सीताफळं चाचपून बघत होत्या. त्या तुकडीत उमरखेडकडची एक मुलगी होती, शेतकऱ्याघरची. ती म्हणाली, "पण सीताफळ तर शेळी खात नाही नं?"

सगळे माझ्याकडे वळले. वैष्णवीसुद्धा. नऊ वर्षांनी कुणीतरी तो प्रश्न सरळ विचारला होता, आणि ज्यांना मी ते उत्तर देणं लागत होते त्या चार हातांवर बसल्या होत्या.

मी म्हणाले, "उन्हाळ्यात दुसरं काही मिळालं नाही की खाते."

गयामावशींनी ऐकलं. मान वर केली नाही. एक पिकलेलं सीताफळ दोन हातांनी फोडलं आणि अर्धं त्या मुलीच्या हातावर ठेवलं, अर्धं वैष्णवीच्या. "खावा. बिया हितंच थुका, उगवत्यात," म्हणाल्या. मग दुसरं फोडलं, तिसरं फोडलं, एकेकाला देत गेल्या. मी त्यांच्या अगदी शेजारी उभी होते. मला दिलं नाही. मीही हात पुढे केला नाही.